पावसाळी सीमाभागासाठी एक छोटे भिंग : रेनॉक्स डीसीआर-२५०

वन्यजीव छायाचित्रणाचा विषय निघाला की बेळगावातल्या हौशी मंडळींच्या डोळ्यांसमोर प्रथम दांडेलीच्या जंगलातला काळा बिबट्या उभा राहतो आणि त्यापाठोपाठ लाखाच्या घरात किंमत असलेली लांबलचक लेन्स येते. बिबट्या बहुतेकांना कधीच दिसत नाही आणि लेन्स बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे घरात चांगला कॅमेरा असूनही तो लग्नसमारंभ आणि सहलींपुरता उरतो. अशा माणसाने आपला जुना कॅमेरा पुन्हा बाहेर काढावा, पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या वाटेला लागावे आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत किती मोठे जंगल मावते ते पाहावे, यासाठी मी रेनॉक्स या जपानी कंपनीच्या डीसीआर-२५० या भिंगाची शिफारस करतो. हे परीक्षण मी ते सलग वापरल्यानंतर लिहीत आहे, आणि वापर जवळजवळ सगळा आपल्याच भागातला आहे : राकसकोपच्या जलाशयाचा काठ, येळ्ळूरच्या बाजूचे शेतांचे बांध, जांबोटीजवळच्या काजूच्या बागा आणि कणकुंबीहून चोर्ल्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेचे ओले कातळ.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. ही स्वतंत्र लेन्स नव्हे. आपल्याकडे आधीपासून असलेल्या लेन्सच्या तोंडावर बसवायचे हे जोडभिंग आहे. त्याच्यासोबत एक प्लास्टिकचा अडॅप्टर येतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पकडी असतात. त्या चिमटीत दाबून अडॅप्टर लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांत बसवला की काम झाले. ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाचे आटे असलेल्या लेन्सवर तो बसतो, म्हणजे कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३०० यांसारख्या, सामान्य घरांत सहज आढळणाऱ्या झूम लेन्सवर त्याचे उत्तम जमते. पक्ष्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या १५०-६०० जातीच्या अवजड लेन्सचे तोंड ९५ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यांच्यासाठी तो नाही.

याची शक्ती ८ डायॉप्टर आहे. चष्म्याच्या नंबरांतला हा आकडा छायाचित्रकाराच्या भाषेत आणायचा तर हिशेब असा होतो की मूळ लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना भिंगापासून साधारण साडेबारा सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते आणि तिचे सेन्सरवरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवरचे, आकारमान ठरवण्यासाठी मूळ लेन्सच्या फोकल लांबीला, म्हणजे झूमच्या कड्यावर दिसणाऱ्या मिलिमीटरच्या आकड्याला, १२५ ने भागावे लागते. म्हणजे झूम १२५ वर असेल तर वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते आणि २५० वर असेल तर दुप्पट. कॅननच्या लहान सेन्सरची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर असते, त्यामुळे दुप्पट आकारमानाला संपूर्ण चौकटीत जेमतेम ११ मिलिमीटर रुंदीची जागा मावते. एखादी मोठी लाल मुंगी तेवढ्यात चौकट भरून टाकते. हे गणित एवढ्यासाठी सांगितले की ज्याच्याकडे फक्त १८-५५ ची किट लेन्स आहे त्याला या भिंगाचा पूर्ण लाभ मिळणार नाही. ५५ वर आकारमान निम्म्याहून कमी राहते आणि त्याच्या अलीकडे झूम आणला की चौकटीचे कोपरे काळवंडतात.

बाजारात पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या एकेरी काचेच्या क्लोज-अप फिल्टरांपेक्षा याची काच वेगळी का, हा प्रश्न कोणीही विचारील. एकेरी काचेतून जाताना प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतात आणि मुंगीच्या मिशीभोवती जांभळी-हिरवी कड दिसू लागते. डीसीआर-२५० मध्ये दोन गटांत मिळून तीन काचा बसवलेल्या आहेत आणि त्यांची योजनाच हा रंगदोष आवरण्यासाठी केलेली आहे. पावसात भिजलेल्या काळ्या कातळावर प्रत्येक थेंब चमकत असतो; तिथे ही रंगीत कड फार बोचते, म्हणून आपल्या भागात हा फरक कागदावरचा राहत नाही. दुसरा पर्याय म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या एक्स्टेन्शन ट्यूब. त्यांत काच नसते हे खरे, पण लांब झूमवर मोठे आकारमान मिळवायला त्या फारच लांब लागतात आणि प्रकाशही खातात. जोडभिंगात प्रकाशाची अशी घट होत नाही.

तथापि या भिंगाचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, आणि तो पश्चिम खानापूर तालुक्यातला पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्यालाच पटेल. जूनच्या मध्यापासून कणकुंबीच्या बाजूला पाऊस दिवसचे दिवस उसंत देत नाही, झाडाखाली थांबले तरी पानांवरून धार लागते आणि हवेत धुके इतके असते की काचेवर बाष्प धरायला क्षण पुरतो. अशा वेळी लेन्स काढून दुसरी लावणे म्हणजे सेन्सरला उघडे पाडणे. डीसीआर-२५० साठी लेन्स काढावीच लागत नाही. वर उंबराच्या फांदीवर धनेश बसला असेल तर झूम तशीच वापरावी, तो उडून गेल्यावर खिशातून भिंग काढून पुढे बसवावे आणि त्याच झाडाच्या खोडावरच्या बुरशीकडे वळावे. एका लेन्सवर आभाळ आणि साल अशी दोन्ही टोके अशा रीतीने हाताशी येतात, की पाऊस हा अडथळा वाटेनासा होतो आणि हळूहळू तोच खरा हंगाम वाटू लागतो.

आता ज्यासाठी हे सगळे करायचे त्याविषयी. आंबा, काजू आणि फणस यांवर पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल विणकर मुंग्या आपल्याकडे सर्वांनी पाहिल्या आहेत आणि बागेत काम करणाऱ्यांनी त्यांचे चावे सोसले आहेत. घरटे कसे जोडले जाते हे मात्र या भिंगातून पाहीपर्यंत माझ्यासाठी केवळ पुस्तकातले वाक्य होते. कामकरी मुंग्या रांगेत उभ्या राहून पानांच्या दोन कडा एकमेकींजवळ ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच वसाहतीतल्या अळ्या जबड्यात अलगद धरून आणतात. या अळ्यांच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. वडगाव-शहापुरात मागावर धोटा जसा इकडून तिकडे फिरतो, तशी ती अळी एका पानाच्या कडेवरून दुसऱ्या कडेवर नेली जाते आणि परत आणली जाते, आणि पांढरा पडदा दाट होत जातो. प्रौढ मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही. जबड्यात धरलेली अळी, तिच्यातून निघालेला धागा आणि धागा चिकटवताना मुंगीने किंचित वळवलेली मान एका चौकटीत मिळाली, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चित्र मोठे करून मी कितीतरी वेळ पाहत उभा राहिलो होतो.

याच मुंग्यांच्या वाटेवर थोडा अधिक वेळ थांबले की एखादी मुंगी वेगळी चालताना दिसते. ती रांगेत मिसळत नाही, मध्येच थबकते, आणि फांदी हलली की धाग्यावरून खाली लटकते. हा मुंगीचे सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी असतो. त्याचे आठ पाय मुंगीच्या सहा पायांत बसवण्यासाठी तो पुढची जोडी मिशांसारखी वर धरून हलवतो, आणि शरीराचे दोनच भाग असले तरी मधल्या बारीक खाचेमुळे ते तीन वाटतात. नराचे जबडे तर इतके लांब असतात की मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरून चालवली आहे असा भास होतो. जांबोटीजवळच्या एका बागेत मी या कोळ्यामागे लागलो असताना बांधावरून जाणारे एक शेतकरी थांबले आणि म्हणाले, “काय बघायलासा वो एवढा येळ?” मी त्यांना पडद्यावर वरून घेतलेले चित्र दाखवले. “मुंगीच की ही,” ते म्हणाले. मग समोरून, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवरून घेतलेले चित्र दाखवले, ज्यात दोन मोठे गोल डोळे सरळ आपल्याकडे पाहत होते. “आगा, डोळं किती ह्याला! कोळी हाय वो ह्यो,” असे म्हणून त्यांनी मागून येणाऱ्या पत्नीला हाक मारली, “अगं, हिकडं ये जरा, आपल्या आंब्यावर काय ऱ्हातंय बघ.” त्यानंतर मी पुष्कळ वेळ बाजूला उभा होतो आणि ती दोघे प्रत्येक फांदीवर खरी मुंगी कोणती आणि खोटी कोणती हे ओळखण्यात गढून गेली होती.

छायाचित्रातली सर्जनशीलता म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उत्तर मला दुसऱ्या कोठे मिळाले नाही. विषय तोच, फांदी तीच, प्रकाशही तोच. पण वरून घेतलेले चित्र कोळ्याच्या बाजूने खोटे बोलते आणि समोरून घेतलेले ते सोंग उघडे करते. दोन्ही खरी आहेत आणि कोणते निवडायचे हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते. लांब लेन्सने पक्षी टिपताना उभे राहण्याची जागा बहुधा पक्षीच ठरवतो. साडेबारा सेंटिमीटरवर मात्र मनगट बोटभर वळवले की पार्श्वभूमी हिरवीची काळी होते, कोळी मुंगी होतो, पानावरच्या थेंबात मागचे सगळे झाड उलटे उमटते. प्रत्येक हालचाल हा एक निर्णय असतो आणि तो घेण्यासाठी समोरच्या जिवाची सवय समजून घ्यावी लागते. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचेच उदाहरण पुढे नेतो. त्यांच्या पुढच्या दोन डोळ्यांची भिंगे स्थिर असतात, पण आतला पडदा नळीच्या टोकाशी हलतो, म्हणून कोळी डोके न वळवता नजर फिरवू शकतो. फिकट रंगाच्या कोळ्यांत ही हालचाल बाहेरून दिसते : डोळा आत्ता काळाभोर असतो आणि पुढच्या क्षणी पारदर्शक होतो. काळा झालेला डोळा म्हणजे तो नेमका आपल्याकडे पाहत आहे. हे कळल्यापासून मी शटर त्या क्षणासाठी राखून ठेवतो.

पाण्याने निथळणाऱ्या कातळांचे दालन याहून वेगळे. चोर्ला किंवा पलीकडे आंबोलीच्या रस्त्याला, पावसाळ्यात ज्या उभ्या दगडी भिंतींवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत सरकत असतो, तिथे शेवाळात नीट पाहिले तर काळपट, लांब शेपटीची बेडकांची पिल्ले दगडाला चिकटून बसलेली दिसतात. बेडकाची पिल्ले डबक्यात पोहतात एवढेच आपण शाळेत शिकलेलो असतो. इंडिराना वंशातल्या उडी मारणाऱ्या बेडकांची ही पिल्ले मात्र ओल्या दगडावरच वाढतात आणि डिवचली गेली तर शेपटीच्या आणि लवकर फुटलेल्या मागच्या पायांच्या जोरावर दगडावरून उड्या घेतात. या वंशातली एक जात आंबोलीतूनच २०१४ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाली. त्याआधी, २०११ साली, आपल्या जिल्ह्यातल्या चोर्ला गावाच्या परिसरातून पिवळ्या पट्ट्यांच्या एका मोठ्या देवगांडुळाची, म्हणजे बेडकाच्या नात्यातल्या बिनपायांच्या उभयचराची, नवी जात नोंदवली गेली होती. ज्या घाटातून आपण गोव्याला जाताना गाडीच्या काचा वर करून झपाट्याने उतरतो, तिथे या शतकातही नवे प्राणी सापडतात. या गोष्टीचा मला आजही तितकाच आनंद होतो, आणि कॅमेरा घेऊन कातळापाशी बसलेल्या कोणालाही तो शोधाचा भाग आपल्या वाट्याला आल्यासारखा वाटेल. रस्त्याची कडा मात्र सांभाळावी. धुक्यात वळणावर ट्रक दिसत नाही, म्हणून गाडी दूर मोकळ्या जागी लावून डांबराच्या पूर्ण बाहेर बसता येईल असाच कातळ निवडावा.

या भिंगाबरोबर काही सवयी लावून घ्याव्या लागतात. दुप्पट आकारमानाला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, एक मिलिमीटरच्या अंशाएवढीच मिळते, आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाशछिद्र, एफ-११ च्या पलीकडे फार मिटले तर सगळेच चित्र किंचित मऊ पडू लागते. ऑटोफोकस चालतो, पण तो पुढे-मागे हिंदकळत राहतो. फोकस हाताने एका जागी ठेवावा आणि स्वतःच हळूच पुढे झुकत डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबावे. ढगाळ रानात एवढ्या जवळ प्रकाश पुरत नाही, त्यामुळे फ्लॅश जवळजवळ अनिवार्य आहे, आणि उघडा फ्लॅश ओल्या त्वचेवर पांढरे डाग उठवतो. यासाठी महाग डिफ्यूझरची गरज नाही. पातळ पांढरा फोम आणि ट्रेसिंग पेपर यांचा एक कमानदार पडदा करून तो भिंगाच्या तोंडापर्यंत पुढे आणला की प्रकाश सर्व बाजूंनी सौम्य पडतो. फ्लॅश कमी शक्तीवर ठेवल्यास त्याची चमक इतकी क्षणिक असते की वाऱ्याने डुलणारे पानही गोठून जाते. मागे काळोख नको असेल तर विषयाच्या पाठीमागे हातभर अंतरावर पान असेल असा कोन शोधावा. बुरशीच्या छत्रीसाठी मागून छोटी विजेरी धरली तर तिच्या खालच्या पट्ट्या उजळून निघतात.

जिथे हे भिंग वापरू नये अशा जागाही आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मलबारी चापडा पावसाळ्यात आपल्या घाटांत हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा नाना रंगांत दिसतो, एकाच फांदीवर दिवसेंदिवस निश्चल बसतो आणि त्यामुळे नवख्याला जवळ जाण्याचा मोह होतो. साडेबारा सेंटिमीटर हे विषारी सापापासूनचे अंतर असूच शकत नाही. सापासाठी भिंग काढून ठेवावे आणि मोकळ्या झूमने लांबूनच चित्र घ्यावे. फुलपाखरे आणि चतुर यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. एवढ्या जवळ जाईपर्यंत ते उडून जातात आणि मोठी फुलपाखरे तर चौकटीत मावतही नाहीत. त्यांच्यासाठी याच कंपनीचे ४.८ डायॉप्टरचे डीसीआर-१५० अधिक योग्य ठरते, कारण त्याचे कामाचे अंतर वीस सेंटिमीटरच्या थोडे पुढे जाते. मला विचाराल तर अगदी नवशिक्याने आधी १५० घ्यावे, हात स्थिरावू द्यावा आणि मगच २५० कडे वळावे. ज्याच्याकडे आधीच १०० मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून वस्तू खऱ्या आकाराची टिपणारी लेन्स, आहे त्याने मात्र सरळ २५० घ्यावे; ते पुढे लावले की तीच लेन्स खऱ्या आकाराच्या दुपटीच्याही पलीकडे जाते.

वर्तनाच्या मर्यादा भिंगाच्या मर्यादांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. हालचाल मंदावी म्हणून किडे फ्रिजमध्ये ठेवणे, थेंब हवेत म्हणून कोळ्यावर पाणी फवारणे, चांगल्या पार्श्वभूमीसाठी बेडूक उचलून दुसऱ्या पानावर ठेवणे, हे प्रकार सर्रास चालतात आणि ते अत्यंत आक्षेपार्ह आहेत. मलबारी उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करते, जेणेकरून पिल्ले वेळ आल्यावर थेट खालच्या पाण्यात पडावीत. ती फांदी चित्रासाठी वाकवली आणि घरटे काठाकडे सरकले, तर खाली पाणी नसते. भीमगड अभयारण्याविषयीही एक शब्द. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे जंगल २०११ साली अभयारण्य झाले आणि बारापेडे गुहांतल्या राउटनच्या दुर्मिळ वटवाघळामुळे त्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तिथे वन खात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये, आणि त्या गुहांकडे चित्रांसाठी जाण्याचा विचारही करू नये. या भिंगाला त्याची गरजही पडत नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांवर, किंबहुना घराच्या परसातल्या पेरूवरही त्याला वर्षभर पुरेल इतके काम आहे.

किमतीचे म्हणाल तर ती दुकानागणिक आणि काळागणिक बदलते, परंतु चांगल्या मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात हे येते. विकत घेताना आपल्या लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहिलेला आट्यांचा व्यास पाहून घ्यावा आणि शक्य असल्यास कॅमेरा दुकानात नेऊन अडॅप्टर बसवून पाहावा. पकडीच्या स्प्रिंगा दाट झाडीत फांदीला अडकून निसटू शकतात, म्हणून मी अडॅप्टरला बारीक दोरी बांधून ती कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकवली आहे. नियमित वापरणाऱ्याने ४३ मिलिमीटरच्या आट्यांची स्टेप रिंग, म्हणजे दोन वेगळ्या व्यासांचे आटे जोडणारे कडे, घेऊन भिंग लेन्सवर सरळ फिरवून बसवले तर पकडीची गरजच राहत नाही, मात्र चटकन काढण्या-घालण्याची सोय जाते.

आपल्या हवेत काचेला बुरशी लागण्याचा धोका मोठा आहे. रानातून आल्यावर भिंग पुसून तासभर पंख्याखाली उघडे ठेवावे आणि नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. पिशवीत एक सुती रुमाल, दुसरा कोरडा रुमाल आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी असावी. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याने जुलैतला एखादा रिमझिम पावसाचा दिवस निवडावा, जांबोटीच्या अलीकडेच कुठेतरी मालकाची परवानगी घेऊन काजूच्या बागेत शिरावे आणि एका झाडाची एकच फांदी घेऊन बसावे.